सात नंबरची बाटली

रविवार, ५ जानेवारी १९९७. मलकापूर, कराडजवळ

डिसेंबरात काढलेली उपळसरीची मुळं वाळली. ओली ९२० ग्रॅम होती, वाळून ३१०, कुटून चाळून २८५.

आईचे जुने डबे अखेर बाहेर काढले. बिस्किटांचे, चहाचे, एक बाबांच्या तपकिरीचा. तीन डब्यांत किडे निघाले. माझ्या औषध कंपनीच्या लॅबमध्ये मोडीत निघालेल्या बारा बाटल्या मिरजेहून आणल्या होत्या. तपकिरी काच, घट्ट झाकण, सगळ्या एकसारख्या. उकळल्या, उन्हात वाळवल्या, भरल्या.

बाटल्यांवर नावं लिहायला आईची बंदी. औषधाचं नाव घ्यायचं नाही, लिहायचं तर नाहीच, गुण जातो. तिलाही हे असंच मिळालं. तिच्या सासूने परसात नेऊन बोटाने झाडं दाखवली, तोंडाने एक शब्द नाही. मी म्हटलं, मग नंबर टाकते, नंबराने गुण जात नाही ना.

"तुझ्या लॅबला विचार."

नंबर टाकले. वरच्या फळीवर १ ते ६, खाली ७ ते १२. नावं फक्त या वहीत. ४ म्हणजे उपळसरी, ७ म्हणजे चित्रक. दोन्ही मुळांची भुकटी, दोन्ही तपकिरी, डोळ्यांना फरक दिसत नाही. वासाने कळतो. उपळसरीला गोडसर वास. ती गर्भारणीला दुधातून देतात, ज्यांचं मूल टिकत नाही त्यांना. चित्रक फक्त खरजेला, बाहेरून लेप. पोटात गेला तर तोंडापासून आग, आणि गर्भारणीच्या पोटात तर जाताच कामा नये. म्हणून ४ आणि ७ आईकडून दोनदा म्हणवून घेतलं.

"चार पोटातलं, सात अंगाला. मी काय पहिलीत आहे?"

सगळ्या बाटल्यांची वजनं मांडून ठेवली. चूर्ण किती ओल धरतं ते दर रविवारी बघायचं.


रविवार, १२ जानेवारी. मलकापूर

वजनं जवळपास तीच. पावसाळ्यात खरं कळेल.

आईची सर्दी गेली, वास मात्र अजून परतलेला नाही. हिंगाची डबी तिच्या नाकाशी धरली. "काय आहे?" "तू सांग." "पीठ?" दोघी हसलो. डॉक्टरांना दाखवू म्हटलं. नको म्हणाली.

चित्रकाला फुलं आहेत. पांढरी. बोटाला चिकटतात.


मंगळवार, १४ जानेवारी. मिरज

संक्रांतीची सुट्टी नाही. खोलीवर एकटीने तिळगूळ.

सरांनी विचारलं, घरी औषधी बाग आहे म्हणे. म्हटलं, फुलझाडं आहेत थोडी. सर इथे औषधांची तपासणी बघतात, मी त्यांच्या हाताखाली. कंपनीतल्या कुणाला आईचं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.


रविवार, १९ जानेवारी. मलकापूर

आज दारात पाच जण होते. नेहमीप्रमाणे उजाडायच्या आत. आई आंघोळ करून बसते, शेवटची पुडी हातात पडेपर्यंत बोलत नाही. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. दिल्यावर मागे जाऊन चौकशी करत नाही. गुण आला तर माणूस आपणहून येतं, ही समजूत. मी परसात अडुळसा तोडत होते.

मी दारात आले तेव्हा शेवटची एक धनगर म्हातारी. सोबत मुलगा, खांद्यावर घोंगडं, आणि सून. सून विशीची, मान खाली.

"आवं बाई, दोन गेली हिची. ह्यो तिसरा. चवथा म्हैना लागलाय. ह्यो तरी धरू द्या."

आईने मान हलवली. आत जाऊन चौदा पुड्या बांधून आणल्या, मी आणलेल्या फिल्टर पेपरच्या. बोटांनी खूण केली: रोज एक, पहाटे, दुधातून. म्हातारीने पुड्या कपाळाला लावल्या.

"पोरगं झालं तर घोंगडं घिऊन यीन तुमास्नी. काळंभोर. जाडजूड, जेन म्हन्तात तसलं, पावसाचा थेंब आत यायचा न्हाई."

मुलगा म्हणाला, "म्हातारे, आदी पोरगं तरी हुं दे. घोंगडं इनून ठिवलं तर मेंढरं म्हन्तील आमाला कातरायचीच घाई."

आईसुद्धा हसली, आवाज न करता. आज वजनं केली नाहीत. गाडीची वेळ झाली होती.


रविवार, २६ जानेवारी. मलकापूर

सकाळी वजनं.

४: २८५ होतं, २८५ आहे.
७: १४० होतं, ९८ आहे.

तीनदा केलं. तराजू पुसला, सपाट फरशीवर ठेवला, परत केलं. ४२ ग्रॅम कमी.

आईला विचारलं, सातमधून कुणाला दिलं.
"सातमधून कुणालाच नाही. खरजेचं कुणी आलंच नाही."
"चारमधून?"
"गेल्या रविवारी, त्या धनगरणीच्या सुनेला. चौदा पुड्या."

चौदा पुड्या, तीन-तीन ग्रॅम. बेचाळीस.

तिला फळीपुढे उभं केलं. म्हटलं, त्या दिवशी घेतलीस तशी बाटली घे, विचार न करता. तिचा हात खालच्या फळीच्या डाव्या टोकाला गेला. वीस वर्षं तिथे उपळसरीचा डबा होता. आता तिथे ७ आहे.

"हाताला कळतं मला," म्हणाली. बाटली उघडून तिच्या नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग तिने झाकण लावलं आणि ओट्याला टेकली.

"तू जागा बदलल्यास," म्हणाली.

खरं आहे. नोंद म्हणून लिहिते: औषधांच्या जागा मी बदलल्या. सगळ्या एकसारख्या मी आणल्या. तिला वास येत नाही हे मला माहीत होतं.

मी चप्पल घातली. आई म्हणाली, "उजू, मागं जायचं नसतं. दिलं की आपलं संपलं."
"दिलं ते औषध नव्हतं."
तिने अडवलं नाही.


त्याच दिवशी, दुपार

नाव नाही, गाव नाही. धनगर, मेंढरं, म्हातारी, विशीची सून. एवढंच.

हायवेपलीकडे ओळखीच्या आबांच्या रानात मेंढरं बसवली होती, खतासाठी. आबा बांधावरच भेटले.

"ती व्हय? चार रोज झालं उठून. लय बेस खतवलं रान. फकस्त कुत्र्यानं माझं धोतार फाडलं, त्येचं खत कुठं घालू?"
कुठे गेले विचारलं.
"पाटणच्या अंगाला. का? तुमची बी मेंढरं हायती का?"
औषध द्यायचं राहिलंय म्हटलं.
"तुमच्या आईनं कवा मागनं धाडलं न्हाई औषद," म्हणाले. माझ्याकडे बघत राहिले.

आज जायला गाडी नाही मिळाली. सात दिवस झाले. म्हणजे सात पुड्या.


सोमवार, २७ जानेवारी. मलकापूर

बूथवरून सरांना फोन. दोन दिवस येत नाही म्हटलं. "काय झालं?" घरचं काम. "तुम्ही कधी रजा घेत नाही," म्हणाले.

पाटणच्या एसटीने मल्हारपेठेपर्यंत, पुढे चालत. दोन तळ लागले, तिथली माणसं वेगळी. तिसऱ्या तळावर म्हातारी दिसली. चुलीशी बसून कोकराला बाटलीने दूध पाजत होती. मुलाचं नाव धुळा. सून नव्हती.

"सगुणा? ती म्हायेराला. परवादिशी पोट दुखाय लागलं, भाऊ घिऊन गेला. आटपाडीच्या अलीकडं." गावाचं नाव सांगितलं, इथे लिहीत नाही.

औषध घेतलं का, विचारलं.

"घेतलं म्हंजी. तिखट लागतंय म्हून रडायची. मी म्हनलं, गुनाचं हाय, सोडायचं न्हाई. म्होरं उभी ऱ्हाऊन पाजलं, रोज."

राहिलेल्या पुड्या कुठे, विचारलं.

राहिलेल्या पुड्या सगुणाच्या गाठोड्यात. दोन मात्र म्हातारीने काढून ठेवलेल्या, स्वतःच्या लेकीसाठी. "तिला बी दिवस ऱ्हात न्हाईत. अजून धाडल्या न्हाईत." कमरेच्या पिशवीतून काढून दाखवल्या. माझेच फिल्टर पेपर.

खात्री करायची होती. चित्रक असेल तर चुन्याने रंग बदलतो. धुळाकडे तंबाखूचा चुना मागितला.

"घ्या की. म्हातारी ह्या चुन्यावरनं रोज शिव्या घालती. आज औषदाला लागला, आता काय बोलशील गं?"
"औषदाला लागंल तेवडाच ठेव," म्हातारी म्हणाली.

दगडावर चिमूटभर भुकटी, चुना, दोन थेंब पाणी. जांभळट लाल. वजनाने कळलं होतंच. तरी दुसऱ्या पुडीतली चिमूट घेऊन परत केलं. तेच.

"काय झालं?" धुळा.

इथे मी खोटं बोलले. म्हटलं, औषध जुनं झालंय. बदलून द्यायचंय. राहिलेलं कुणी घ्यायचं नाही, आणि सगुणाला डॉक्टरला दाखवायला हवं.

"जुनं म्हून तिखट व्हय," म्हातारी म्हणाली, आणि परत कोकराकडे वळली.

का बोलले खोटं: आईसाठी. माझ्यासाठीही. दोन्ही लिहिते.

दोन पुड्या घेतल्या. धुळा उद्या वाट दाखवायला येतो म्हणाला. आईला सांगितलं, सापडले. तिने विचारलं, "पोर?" म्हटलं, उद्या. तिने ताट वाढलं. दोघी जेवलो नाही नीट.


मंगळवार, २८ जानेवारी. मिरज

कराड, विटा, पुढे सीटवार माणसं भरणारी वडाप जीप. धुळा वाटभर मेंढरांबद्दल बोलला. त्याला वाटतं आपण बायकोला चांगल्या डॉक्टरकडे न्यायला निघालोय. खरंच आहे ते. पूर्ण नाही.

सगुणा आतल्या खोलीत आडवी. सकाळपासून थोडं रक्त. थोडं म्हणजे किती, विचारलं. तिने हाताने दाखवलं. तिच्या आईला पाणी आणायला पाठवलं आणि गाठोडं मागितलं.

पुड्या मोजल्या. नऊ.

परत मोजल्या. नऊ, आणि माझ्याकडे दोन. अकरा. म्हणजे पोटात तीन. सात नाही.

"आत्याबाईस्नी सांगू नका," सगुणा म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. "तीन घेतल्या. जीभ भाजली. मग दुधात बाजरीचं पीठ कालवायचे, त्यांच्या म्होरं प्यायचे. तोंड वाकडं करायचे, म्हंजी त्यांना पटायचं."

ती घाबरली होती, पण हे सांगताना किंचित हसली. एका पोरीला आपली जीभ जास्त खरी वाटली म्हणून पोटात सातऐवजी तीन गेल्या.

जीपने मिरज. तिला मधल्या सीटवर आडवं केलं. धुळा पुढे. ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याला "हळू गड्या, हळू". संध्याकाळी दाखल केलं.

डॉक्टर बाईंनी विचारलं, काय घेतलंय. धुळा बाहेर होता. मी सांगितलं: चित्रकमूळ, भुकटी, तीन ग्रॅमच्या तीन पुड्या, २०, २१ आणि २२ तारखेला. त्या लिहीत होत्या, थांबल्या.

"कुणी दिलं?"
"आमच्या घरातून. चुकून."
"तुम्ही काय करता?"
"बी.फार्म. तपासणीत आहे."

त्यांनी बघितलं, परत लिहायला लागल्या. त्या नजरेबद्दल काही म्हणायचं नाही.

सोनोग्राफी. बाळ आहे. ठोके आहेत. रक्त थांबायला पाहिजे. "आज काहीच सांगू शकत नाही. झोपून राहू दे. आठ-दहा दिवस गेले तर बघू. आधीची दोन गेलीत, त्यामुळे हे कशाने होतंय तेही सांगता येत नाही."

कशाने होतंय ते सांगता येत नाही. हे वाक्य मला सोयीचं आहे, म्हणून त्याच्यापासून लांब राहायचं.


बुधवार, २९ जानेवारी. मिरज

सकाळी लॅब, दुपारी वॉर्ड. नऊ पुड्या लॅबमध्ये मोजल्या. २७.१ ग्रॅम. सगुणा खरं बोलली.

पुड्या परत गाठोड्यात ठेवल्या. तिच्या वस्तू, न विचारता आणल्या होत्या. घ्यायच्या नाहीत, तिला परत बजावलं.

रक्त चालू. कमी.


गुरुवार, ३० जानेवारी. मिरज

म्हातारी आली. मेंढरं भावकीवर सोपवून, दोन एसट्या बदलून. येताच सुनेच्या कपाळावर हात ठेवला, मग लुगडं बदलायला गाठोडं सोडलं. पुड्या जमिनीवर पडल्या.

तिने मोजल्या नाहीत. तिला तेवढं बघूनच कळलं.

"टाकलंस व्हय? मला फशिवलंस? म्हून रगत जातंय. दोन लेकरं अशीच घालवलीस, आता ह्यो बी?" पलीकडच्या कॉटवरच्या बायका उठून बसल्या. "देवावानी बाईनं औषद दिलं, आन हिनं पीठ खाल्लं."

धुळा म्हणाला, "म्हातारे, हळू बोल."
"का हळू? तुला म्हाईत हुतं?"
"न्हाई."
"मग गप बस."

सगुणाने माझ्याकडे बघितलं. तिने सांगू नका म्हटलेलं मी पाळलं होतं, त्याची ही किंमत तिला पडत होती. एका वाक्याचं काम होतं. ते माझ्या तोंडात तयार होतं. मी खिडकीजवळ उभी राहिले आणि सहाच्या सुमारास खोलीवर आले.

ते वाक्य इथे लिहून काही होत नाही.


शुक्रवार, ३१ जानेवारी. मिरज

आज सांगितलं. दुपारी, वॉर्डातच, धुळासमोर.

औषध जुनं नव्हतं. चुकीचं होतं. औषधांच्या जागा मी बदलल्या, म्हणून आईच्या हातून दुसरीच बाटली घेतली गेली. सगुणाने टाकलं नसतं तर जास्त वाईट झालं असतं.

म्हातारीने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "शिकल्याली हायस. पोरीला वाचवाया बोलतीस. चांगलं हाय. पर तुज्या आईचा हात चुकायचा न्हाई. आमच्या तळावरच्या चार जणींच्या वट्या तिनं भरल्यात."

मी पुरावा दाखवला. एक पुडी उघडली, ताटलीत चिमूट, धुळाचा चुना, पाणी. जांभळट लाल. शेजारी घरून निघताना घेतलेली उपळसरी, तोच चुना. तपकिरीच राहिली.

म्हातारी वाकून बघत होती. मग म्हणाली, "हळद बी चुन्यानं लाल हुती. मग हळद काय ईख हाय?"

वॉर्डातल्या बायका हसल्या. उत्तर आहे, ते रसायनाचं आहे, तिच्या कामाचं नाही. नियम म्हणून पाहिलं तर तिचा मुद्दा बरोबर होता.

धुळा मात्र हसला नाही. ताटलीतल्या रंगाकडे बघत बसला. जाताना म्हणाला, "त्या दगडावर बी असंच झालं हुतं. तवाच तुमास्नी कळलं हुतं."
"हो."
"तवा सांगायचं हुतं."

मलकापूरला, शेजारच्या दुकानात फोन. आईला बोलावून घेतलं. सांगितलं, म्हातारीचा माझ्यावर विश्वास नाही. तुझ्यावर आहे. त्यामुळे सगुणाला बोलणी बसताहेत.

बराच वेळ फोनवर दुकानातला रेडिओ ऐकू येत होता.

"रुग्णाच्या उशाशी जायचं नसतं आम्ही," आई म्हणाली.
मग तिनेच विचारलं,
"किती वाजताची गाडी आहे?"


शनिवार, १ फेब्रुवारी. मिरज

आईला स्टेशनवरून थेट वॉर्डात आणलं. म्हातारी उठून तिच्या पाया पडायला वाकली. आईने तिला धरून खाली बसवलं, स्वतःही फरशीवर बसली. म्हातारी म्हणाली, "बाई, पोरीनं टाकलं औषद. दुसरं द्या. ह्या खेपंला मी सोता पाजीन."

आईने कॉटकडे बघितलं. सगुणा डोळे मिटून होती, झोपलेली नव्हती.

"मी हिला उपळसरी द्यायची होती," आई म्हणाली. "तो चित्रक गेला."

पंचवीस वर्षांत तिच्या तोंडून ही नावं पहिल्यांदा ऐकली. परसातल्या झाडांना ती ते, हे, पलीकडचं म्हणते. वॉर्डात कुणाला त्यात काही वाटलं नाही.

"हात माझा चुकला. वास येत नाही मला सर्दीपासून, तरी बसले द्यायला. नंबर बघितला नाही. तुझ्या सुनेनं टाकलं, म्हणून निदान एवढं तरी आहे."

माझं नाव तिने घेतलं नाही.

म्हातारीने हात आईच्या हातातून काढून घेतला. धुळा दारात. मग म्हातारी म्हणाली, "मी उभी ऱ्हाऊन पाजलं तिला." आईशी नाही, कुणाशीच नाही. आणखी थोड्या वेळाने, आईला पहिल्यांदाच एकेरीत:

"आता तू हितनं उठायचं न्हाई. काय हुईल ते बघूनच जायाचं."

आईने मान हलवली. पदर खोचला आणि कॉटखालचं भांडं घेऊन धुवायला गेली.

सुनेला म्हातारी काहीही म्हणाली नाही. माफ कर वगैरे तर नाहीच. रक्ताने भरलेली चादर तेवढी स्वतः बदलली, नर्सला हात लावू दिला नाही.

आईने मला परत पाठवलं. रविवारी माणसं लांबून येतात, दारात कुणीतरी असायला हवं.


रविवार, २ फेब्रुवारी. मलकापूर

उजाडायच्या आत सहा जण. मी दार उघडून सांगितलं, आज औषध नाही.
"काकू कुठं गेल्या?"
मिरजेला.
"आजारी हायत का?"
नाही.
"मग रविवारचं कशा गेल्या?" एक जण म्हणाला, तांबव्याकडचा असावा. "मग तुमी द्या की. तुमास्नी म्हाईत असंल."
"माहीत आहे."
"मग?"
"देणार नाही."
"त्यापरीस म्हाईत न्हाई म्हनायचं हुतं," तो म्हणाला आणि विडी पेटवून पायरीवर बसला. बाकीचे गेले. तो आणि त्याची बायको दहापर्यंत बसून होते. तिला काय होतंय ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी करावंसं वाटलं असतं.

दिवसभर बाटल्यांपुढे बसले. १ ते १२. नावं लिहावीत, कुलूप लावावं, की सगळं परसात ओतून टाकावं. तिन्हीची कारणं मांडली. तिन्ही पटतात. काहीच केलं नाही. परसात पाणी मात्र घातलं, सगळ्यांना.

चार वाजता दुकानातून हाक. आईचा फोन, हॉस्पिटलसमोरच्या बूथवरून.

रक्त कालच्याएवढंच. वाढलं नाही, थांबलंही नाही. ठोके आहेत. शुक्रवारी परत सोनोग्राफी. सगुणाने दोन घास जास्त खाल्ले. म्हातारी आईशी कामापुरतं बोलते, काल रात्री अर्धा कप चहा मात्र सरकवला.

मग आई म्हणाली, "तिनं मला विचारलं, डबे कुणी बदलले. मी म्हटलं, घरातलं काम, झालं ते झालं. तर म्हणते, म्हणजे तुझी लेक खरं सांगत होती. मी हसण्यावारी नेलं."

पुढे काय म्हणाली, विचारलं.

"म्हणाली, तिला पण बोलव. दोघींनी बसा."

किती दिवस, विचारलं.

आई म्हणाली, "ते तिनं सांगितलं नाही. पहाटेच्या पॅसेंजरने ये. माझी दोन लुगडी आण."